औषध नव्हे, विष
(मेहकर येथील बैठकीतील भाषण)



आपण दुकानात जातो आणि ‘बोंडअळीचं औषध द्या’ म्हणतो. घोटाळा इथूनच सुरू होतो. डब्यावरच्या चौकटीत खालच्या त्रिकोणाचा रंग पाहा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, शेवटी हिरवा. लाल आणि पिवळ्यावर कायद्यानं ‘विष’ असंच लिहायला लावलं आहे. हा रंग ठरतो प्रयोगशाळेतल्या जनावरांवरून. भर उन्हात पाठीवर पंप घेऊन दिवसभर पऱ्हाटीत फिरणाऱ्या माणसाचा हिशेब त्यात नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० वर शेतकरी आणि मजूर गेले. शेकडो दवाखान्यात पडले. लगेच बोललं गेलं, शेतकऱ्यानं संरक्षक किट वापरलं नाही.

कोणतं किट? १९७१ च्या कीटकनाशक नियमांत ३९ वा नियम आहे. विष आत झिरपू न देणारा, धुता येणारा पोशाख, अर्ध्या हातापर्यंत येणारे रबरी हातमोजे, चष्मा, बूट, सगळं त्यात लिहिलं आहे. पण १९६८ च्या मूळ कायद्याचं ३८ वं कलम वाचा. स्वतः कसत असलेल्या जमिनीवर कुणी कीटकनाशक वापरलं, तर त्या वापराला हा कायदाच लागू नाही! म्हणजे पोशाखाचा नियम आहे, पण आपल्या वावराच्या धुऱ्यावर येऊन तो थांबतो. मेल्यावर दोष मात्र आपला.

आता वस्तूचं बघा. किट म्हणून बहुतेकदा पातळ मास्क आणि प्लॅस्टिकचे मोजे हातात पडतात. भारतीय मानक ब्यूरोचा आयएस ९४७३ हा मास्क कणांसाठी आहे. धूळ आणि तुषार तो अडवील, वाफ अडवणार नाही. वाफेला कोळशाची डबी लावलेला मुखवटा लागतो. तोंडाला बांधलेला दुपट्टा तर भिजला की विष नाकाशीच धरून ठेवतो. आणि नाकापेक्षा कातडीतून जास्त विष जातं, विशेषतः बादलीत घट्ट औषध ओतताना. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनं २०१९ साली फवारणीच्या हातमोज्यांचं मानक काढलं, आयएसओ १८८८९. त्यातला जी-१ पातळ केलेल्या द्रावणापुरता. घट्ट औषध हाताळायला जी-२ पाहिजे. पोशाखाचं मानक आयएसओ २७०६५. दुकानदाराला हे आकडे विचारा. त्याला माहीत नसतील, तर कंपनीच्या माणसाला विचारायला लावा.

खरी गोष्ट पुढेच आहे. मी शेतकी पदवीधर, पण सप्टेंबरच्या उकाड्यात तो पोशाख घालून मला एक एकर फवारता येणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेची कीटकनाशकांबद्दल आचारसंहिता आहे. ती म्हणते, ज्या विषाला त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी साधनं लागतात, ते उष्ण मुलखातल्या लहान शेतकऱ्यांसाठी टाळावं. हे आपलं म्हणणं नाही, त्यांचं आहे. मग लाल त्रिकोण आपल्या तालुक्यात कुणाच्या सोयीसाठी विकायचा?

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं डब्यातली माहितीपत्रिका आणि पक्कं बिल आणावं. आणि फवारताना कुणाला घेरी आली, तर तीच पत्रिका डॉक्टरच्या हातात द्या. उतारा त्यावर लिहिलेला असतो. काही विषांना उताराच नाही, हेही तिथंच कळतं.