सावळ्या कांतीवरची लाली



त्वचाविकारतज्ज्ञांच्या या परिषदेचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, याबद्दल मी आपली ऋणी आहे.

केसपेपरवर आपण सगळेच रोज ‘एरिथिमा’ लिहितो. कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त जास्त येतं, कातडी लाल दिसते. बोटानं दाबलं की लाली जाते, सोडलं की परत येते. दाबूनही गेली नाही तर रक्त वाहिनीबाहेर झिरपलंय असं समजायचं आणि कारण वेगळीकडे शोधायचं. इतकं पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टरही सांगेल. पण ही सगळी मांडणी गोऱ्या कातडीकडे बघून झाली आहे आणि आपले बहुतेक रुग्ण सावळे आहेत.

सावळ्या कांतीवर लाली जांभळट दिसते, तपकिरी दिसते, कधी नुसती काळपट. आई सांगत असते, पोराच्या अंगावर चट्टे उठलेत, रात्रभर खाजवतंय. आणि नवखा डॉक्टर लिहितो, एरिथिमा नाही. सोरायसिसची तीव्रता मोजणारा, १९७८ पासून वापरात असलेला ‘पासी’ गुणांक घ्या. त्यात लाली, जाडी आणि कोंडा यांना सारखंच वजन आहे. लाली नजरेतून निसटली की गुण घटले, आणि महागड्या जैविक औषधांचा विचार बहुधा याच गुणांवरून होतो. सावळ्या रुग्णावर हा उघड अन्याय आहे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती कुष्ठरोगातल्या रिअ‍ॅक्शनची. एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगावरची बहुऔषधी उपचारपद्धती, चालू असताना, कधी गोळ्यांचा कोर्स संपल्यावरही, जुना चट्टा एकाएकी लाल होतो, सुजतो, गरम लागतो. त्याच सुमारास कोपरामागची नसही आतून सुजत असू शकते. स्टेरॉइड वेळेवर सुरू झालं तर नस पुष्कळदा सावरते. महिने उलटले तर बोटं वाकडी होतात, चेहऱ्याची नस गेली तर डोळा मिटत नाही, आणि ते मग सहसा भरून येत नाही. त्यात एमडीटीतली क्लोफाझिमाइन कातडीला स्वतःच तांबूस-काळपट रंग आणते. त्या रंगाखाली रिअ‍ॅक्शनची लाली नुसत्या नजरेला कशी सापडणार?

म्हणून घरोघर चट्टे शोधणाऱ्या आशाताईंना ‘लाल चट्टा बघा’ एवढंच सांगून भागत नाही. चट्ट्यावर हाताची मागची बाजू टेकवायला शिकवा, शेजारच्या कातडीशी ऊब ताडून बघायला शिकवा. कड उंचावली आहे का, कातडी ताणून चकाकते आहे का? दुखतंय का, हे विचारायचंच. कोपराची नस चाचपायची, डोळे घट्ट मिटायला सांगायचे. यातल्या कशालाही यंत्र लागत नाही.

राष्ट्रीय पातळीवर २००५ अखेर कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आलं. ते मोठं यश होतं, त्यासाठी खपलेल्या माणसांना मी वंदन करते. पण त्याच काळात हे काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळलं आणि पुढे चट्ट्यांवर सराईत हात ठेवणारे जुने कर्मचारी एकेक करून निवृत्त झाले. गडचिरोलीत, चंद्रपुरात, पालघरमध्ये रुग्ण आजही सापडतात.

नजरेची हीच उणीव शिकवण्यातही आहे. लंडनच्या सेंट जॉर्जेस वैद्यकीय विद्यापीठात शिकत असताना मलोन मुकवेंडे या विद्यार्थ्याला अभ्यासात सावळ्या-काळ्या कातडीवरची लक्षणं दिसेनात. त्यानं २०२० मध्ये आपल्या शिक्षकांबरोबर ‘माइंड द गॅप’ ही पुस्तिका काढली. आपल्याकडे भारतीय रुग्णांचे उत्तम अ‍ॅटलास आहेत, तरी तोंडी परीक्षेत आपण अजून गुलाबी कातडीवरची वर्णनंच ऐकायला मागतो. परीक्षक म्हणून बसणाऱ्यांनी हे आधी थांबवावं.

वैज्ञानिक समितीला मी एक विनंती केली आहे. उद्यापासून इथे सादर होणाऱ्या प्रत्येक केसमध्ये ‘एरिथिमा’पुढे दोन गोष्टी लिहाव्यात: प्रत्यक्ष कोणता रंग दिसला आणि हाताला काय लागलं. फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात काढलेला असावा. समितीनं ही विनंती मान्य केली आहे. पहिलं सत्र उद्या सकाळी याच सभागृहात, कुष्ठरोगातल्या रिअ‍ॅक्शनवरच आहे.