हशा आणि गोळी : ताकेशी किटानोची कारकीर्द



बाहेरच्या फलकावर आजच्या विषयाचं नाव वाचून ‘हा ताकेशी कोण बुवा?’ असं आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात आलं असेल. घरी गेल्यावर तिशी-पस्तिशीतल्या मुलामुलींना विचारा, ती लगेच सांगतील. शाळेतून आलं, दप्तर टाकलं, की ही मंडळी पोगो वाहिनीवर ‘ताकेशीज कॅसल’ लावून बसत. जपानी स्पर्धक उड्या मारायचे, घसरायचे, चिखलात पडायचे आणि वरून जावेद जाफरीचं अचाट हिंदी समालोचन चालायचं. त्या किल्ल्याचा जो मालक अधूनमधून सरदारी थाटात दिसायचा, तोच हा ताकेशी. मूळ कार्यक्रम जपानमधला, १९८६ ते १९८९ या काळातला. आपल्याकडे तो आला तेव्हा तिकडे किल्ला कधीच बंद झालेला होता आणि किल्लेदार व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक घेऊन मोकळा झाला होता. आपल्या पोरांना हे कुणी सांगितलंच नाही.

अशा माणसांबद्दल बोलताना आपण एक ठरावीक वाक्य वापरतो. ‘विनोद सोडून तो गंभीर कलेकडे वळला.’ जणू विनोद म्हणजे तरुणपणातली एखादी वाईट सवय. किटानोच्या बाबतीत हे वाक्य साफ चुकीचं आहे. त्यानं काहीही सोडलं नाही. जे रंगमंचावर शिकला तेच त्यानं पडद्यावर नेलं, फक्त त्यातला एक भाग काढून घेतला. तो कोणता, हे सांगण्यासाठी मला थोडं मागं जावं लागेल.

किटानोचा जन्म १९४७चा, टोकियोच्या अदाची भागातला. कामगारवस्ती. वडील घरांना रंग द्यायचे आणि भरपूर प्यायचे. आई कडक, मुलांनी शिकलंच पाहिजे म्हणणारी. हा मेइजी विद्यापीठात अभियांत्रिकीला गेला आणि ते अर्धवट टाकून असाकुसात येऊन धडकला. असाकुसा म्हणजे जुन्या टोकियोची करमणुकीची पेठ. मात्र सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती उतरणीला लागली होती. तिथं फ्रान्स-झा नावाचं थिएटर होतं. कपडे उतरवणाऱ्या बायकांचे नाच हे तिथलं मुख्य आकर्षण आणि दोन नाचांच्या मध्ये विनोदी प्रवेश. किटानोला तिथं काम मिळालं ते लिफ्ट चालवण्याचं.

त्या थिएटरचे विनोदवीर होते सेन्झाबुरो फुकामी. टीव्हीवर कधी गाजले नाहीत, पण रंगमंचावर पक्के मुरलेले. त्यांनी या पोराला टॅप नाच शिकवला, प्रेक्षकांना बधायचं नाही हे शिकवलं. लोकांनी आपल्याला हसायचं नाही, आपण लोकांना हसवायचं, हा त्यांचा दंडक. समोरचा प्रेक्षक नाचणाऱ्या बायकांसाठी आलेला. विनोदी प्रवेश सुरू झाला की तो कंटाळणार, शिव्या देणार. अशा माणसाला हसवायचं म्हणजे क्षण अचूक पकडला पाहिजे. ही तालीम कुठल्याही चित्रपटशाळेत मिळत नाही.

पुढे किटानोनं बीट कियोशीबरोबर ‘टू बीट’ नावाची जोडी जमवली आणि तो झाला बीट ताकेशी. मान्झाई हा जपानचा जुना दोघांचा विनोदी खेळ. त्यात एक जण वेडंवाकडं बोलतो, त्याला म्हणतात बोके. दुसरा त्याला टोकतो, ताळ्यावर आणतो, तो त्सुक्कोमी. आपल्या तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या आणि त्याला सवाल करणारा सरदार असतो ना, साधारण तसंच. ‘टू बीट’मध्ये ताकेशी बोके होता आणि तो मशीनगनसारखा बोलत सुटे. म्हातारे, गावंढळ, कुरूप, गरीब, कुणालाच सोडत नसे. लाल सिग्नल सगळ्यांनी मिळून तोडला तर भीती कसली, अशा धाटणीची त्याची वाक्यं घरोघरी गेली. कियोशीचं काम मधूनमधून ‘पुरे कर’ म्हणण्याचं. बघताना वाटतं, या बिचाऱ्याला काही कामच नाही. पण ते ‘पुरे कर’ फार महत्त्वाचं होतं. समोरच्याला कुणीतरी टोकतंय, म्हणून आपण निर्धास्त हसू शकतो. त्या विखाराची जबाबदारी आपल्यावर येत नाही.

१९८०च्या सुमाराला जपानी टीव्हीवर मान्झाईची लाट आली आणि ताकेशी घराघरात पोचला. रेडिओवर रात्रीचा कार्यक्रम, फुजी वाहिनीवर विनोदी कार्यक्रम, मग तो किल्ला. त्या यादीत मी शिरत नाही, आख्खं व्याख्यान त्यातच संपेल.

१९८३ साली नागिसा ओशिमा या मोठ्या दिग्दर्शकानं त्याला ‘मेरी ख्रिसमस मिस्टर लॉरेन्स’मध्ये सार्जंट हाराची भूमिका दिली. युद्धकैद्यांच्या छावणीतला क्रूर आणि तरीही कुठेतरी बालिश असा शिपाईगडी. सोबत डेव्हिड बोवी, र्युइची साकामोतो. चित्रपटाचा शेवट हाराच्या चेहऱ्यावर होतो आणि तो चेहरा विसरता येत नाही. पण किटानोनं स्वतः सांगितलेली हकिकत वेगळीच आहे. लोकांना आपलं काम कसं वाटतंय हे बघायला तो गुपचूप चित्रपटगृहात जाऊन बसला. पडद्यावर त्याचा चेहरा आला मात्र, सगळं थिएटर हसायला लागलं. हारा कैद्यांना मारतोय आणि लोकांना टीव्हीवरचा ताकेशी आठवतोय. त्या दिवशी त्यानं ठरवलं, यापुढे काळ्या, गंभीर भूमिका करत राहायचं, हे हसणं थांबेपर्यंत. ते थांबायला दहाएक वर्षं लागली.

इथं एक गोष्ट लपवून चालणार नाही. डिसेंबर १९८६मध्ये ‘फ्रायडे’ या छायाचित्र-साप्ताहिकानं त्याच्या खासगी आयुष्यात नाक खुपसलं, म्हणून हा आपल्या शिष्यमंडळींना घेऊन रात्री त्यांच्या कचेरीत घुसला आणि मारामारी केली. खटला झाला, शिक्षा झाली. ती स्थगित ठेवली गेली म्हणून तुरुंग टळला, पण काही महिने तो टीव्हीवरून गायब होता. त्याच्या चित्रपटांतल्या हिंसेबद्दल बोलताना भक्तमंडळी हा प्रसंग चटकन ओलांडून जातात. मला तो ओलांडावासा वाटत नाही. ज्याला पडद्यावर हिंसा इतकी कोरडी दाखवता येते, त्याला प्रत्यक्षातली हिंसा अनोळखी नव्हती, एवढं तरी मान्य करायला हवं.

दिग्दर्शन त्याच्याकडे आलं ते अपघातानं. १९८९चा ‘व्हायोलंट कॉप’ मुळात किंजी फुकासाकु करणार होते, तारखा जुळेनात, आणि शोचिकु कंपनीनं नायकालाच दिग्दर्शक केलं. हिसाशी नोझावाची पटकथा हातात आली आणि यानं संवाद कापायला सुरुवात केली. मिनिटाला शेकड्यानं शब्द फेकणारा हा माणूस, आणि त्याचा नायक तोंड उघडेना! त्या चित्रपटात पोलीस अधिकारी अझुमा अमली पदार्थ विकणाऱ्या एकाला स्वच्छतागृहात कोंडून थोबाडतो. एक थप्पड, दोन, तीन. इतर कुठलाही दिग्दर्शक तिथं दृश्य तोडेल, मुद्दा पोचला म्हणेल. किटानो थांबत नाही, थपडा चालूच राहतात. आधी प्रेक्षागृहात कुणीतरी खुदकन हसतं. मग ते हसू विरतं. मग अस्वस्थ चुळबुळ सुरू होते. आणि पडद्यावर कियोशी नसतो. ‘पुरे कर’ म्हणणारा कुणीच नसतो.

माझ्या मते किटानोच्या सगळ्या सिनेमाचं मर्म इथं आहे. मान्झाईतला बोके त्यानं ठेवला, त्सुक्कोमी काढून टाकला. टोकायचं काम आता प्रेक्षकाचं.

श्रेयनामावलीतही त्यानं मजेशीर वाटणी केली. दिग्दर्शक म्हणून ताकेशी किटानो, नट म्हणून बीट ताकेशी. आजतागायत तसंच चाललंय.

१९९३च्या ‘सोनातिने’वर मला जरा रेंगाळायचंय, कारण माझ्या लेखी हा त्याचा सर्वोत्तम चित्रपट. टोकियोचा गुंड मुराकावा धंद्याला कंटाळलाय. वरिष्ठ त्याला टोळीयुद्ध मिटवायला ओकिनावाला पाठवतात. तो सापळा असतो. उरलेली माणसं समुद्रकाठच्या एका घरात लपतात. तिथून पुढे गुंडपटात जे घडायला हवं, त्यातलं काही घडतच नाही. ही धटिंगणं खेळतात. कागदाचे सुमो पहिलवान करतात, पुठ्ठ्यावर बोटांनी टकटक करून झुंजवतात. मग तोच खेळ वाळूत माणसांचा. दोघं कागदी बाहुल्यांसारखे ताठ, झटके देत हलतात, बाकीचे भोवती जमीन बडवतात. वाळूत खड्डे खणून एकमेकांना पाडतात. हे पाडापाडीचं काम कुठे पाहिलंय, हे आता मी सांगायला नको.

मध्येच मुराकावा पिस्तूल काढतो. कागद-कात्री-दगडाचा खेळ, हरेल त्यानं स्वतःच्या डोक्याला नळी लावून घोडा दाबायचा. बाकीच्यांचे चेहरे पांढरेफटक. शेवटी पाळी त्याची येते. तो हसतो. मोकळं, पोरकट हसू. घोडा दाबतो. नुसता खटका. आत गोळी नव्हतीच, गंमत होती. पुढे त्याला स्वप्न पडतं, तोच खेळ, तेच हसू, आणि या वेळी गोळी असते. विनोद आणि मृत्यू यांच्यात फक्त एका गोळीचा फरक, बाकी क्षण, चेहरा, थांबा सगळं सारखं. मग एके दिवशी खेळ रंगात असताना मासेमाराच्या वेषात एक माणूस शांतपणे चालत येतो आणि गोळी झाडतो. संगीत नाही, पूर्वसूचना नाही. हशा जसा अचानक यावा लागतो, तशी किटानोची गोळी अचानक येते. असाकुसात कमावलेलं वेळेचं भान ते हेच.

संकलनाबद्दल तो गणिताचं उदाहरण देतो. गणित त्याच्या आवडीचं आहे, त्यानं टीव्हीवर गणिताचा कार्यक्रमही केलाय. एका माणसानं चौघांना मारलं असेल तर चारही खून कशाला दाखवायचे? एक दाखवा, मग नुसती प्रेतं दाखवा. अवयव पाडायचे, समान अवयव कंसाबाहेर काढायचा. आपल्या मालिकांच्या संकलकांनी हे वाक्य भिंतीवर लावावं अशी माझी नम्र सूचना आहे.

‘सोनातिने’ जपानमध्ये पडला. टीव्हीवर हसवणाऱ्याचे गंभीर चित्रपट बघायला तिथले लोक तयार नव्हते. ऑगस्ट १९९४मध्ये टोकियोत त्याला स्कूटरचा भीषण अपघात झाला. कवटीला इजा झाली, चेहऱ्याची उजवी बाजू लुळी पडली. विनोदवीराचं भांडवल चेहरा, आणि तोच अर्धा गेला. बरं होण्याच्या काळात तो चित्रं काढायला लागला. प्राण्यांच्या डोक्याच्या जागी फुलं, असली. ती चित्रं १९९७च्या ‘हाना-बी’मध्ये आली, गोळी लागून चाकाच्या खुर्चीत अडकलेल्या होरिबे या पोलिसाची म्हणून.

त्याच चित्रपटात निशी हा माजी पोलीस आपल्या मरणासन्न बायकोला घेऊन शेवटच्या सहलीला निघतो. गाडीत ती मागे पत्ता धरते, हा पुढे बसून ओळखतो. कसं? आरशात बघून. एकदा तो शोभेचा बाण पेटवतो, बाण उडत नाही. काय झालं म्हणून हा जवळ जातो आणि तेवढ्यात तो फुटतो. बायको हसते. सर्कशीतला विदूषकही हा विनोद करतो. पण ती मरणार आहे हे आपल्याला ठाऊक असतं. या चित्रपटाला व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला. जपानला तो जवळजवळ चाळीस वर्षांनी मिळत होता. त्यानंतर मायदेशात त्याच्याकडे दिग्दर्शक म्हणून बघायला लागले. परदेशी शिक्का लागल्याशिवाय घरच्या माणसाची किंमत न कळणं, हा काही एकट्या जपानचा रोग नव्हे.

पुढचं भराभर सांगतो. १९९९चा ‘किकुजिरो’, वडिलांचं नाव दिलेला. २००३चा ‘झातोइची’, आंधळ्या तलवारबाजाची जुनी लोकप्रिय कथा. केस पिवळे रंगवून किटानोनं ती केली आणि शेवटी गावकऱ्यांना लाकडी खडावांवर टॅप नाचायला लावलं. फुकामींची गुरुदक्षिणा म्हणायला हरकत नाही. मग २००५ ते २००८ दरम्यान स्वतःवरच केलेले तीन चित्रपट आले आणि माझ्या मते ते फसले. दिग्दर्शक स्वतःच स्वतःला टोकत बसला, प्रेक्षकाला काम उरलं नाही. २०१०पासूनची ‘आउटरेज’ त्रयी पुन्हा गल्ला जमवून गेली. कारागिरी चोख, पण समुद्रकिनारा नाही. ‘हाना-बी’च्या आधी आणि नंतरही तो टीव्हीवर वेडगळ पोशाख करून येतच राहिला. कुणाला लाज वाटली असेल, त्याला नाही.

गावोगावच्या फिल्म सोसायट्यांची मंडळी इथं बसली आहेत, म्हणून एक विनंती. किटानो दाखवायचा तर ‘आउटरेज’ने सुरुवात करू नका. ‘सोनातिने’ दाखवा, आणि त्याला जोडून अपघातानंतरचा १९९६चा ‘किड्स रिटर्न’. शाळा बुडवणाऱ्या दोन पोरांच्या या चित्रपटात किटानो पडद्यावर कुठेच नाही, आणि आपल्याकडे तो फारसा कुणी पाहिलेला नाही.