कवळी आणि चार खाडे



आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. पगार, बोनस आणि खाडे यांवर बोलणाऱ्यांनी वसंत व्याख्यानमालेत दातांच्या कवळीवर काय बोलावे, असे कोणालाही वाटेल. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातील साठीपुढच्या माणसांपैकी सुमारे २३ टक्क्यांच्या तोंडात एकही दात उरलेला नाही. तेव्हा हा प्रश्न दोनचार म्हाताऱ्यांचा नव्हे.

कवळी तोंडात बसली की काम संपले, अशी समजूत आहे. खरे काम तेथून सुरू होते. कारखान्यात नवा माग बसला की दुसऱ्याच दिवशी पुऱ्या कापडाची अपेक्षा मालकसुद्धा धरीत नाही. तोंडाचेही तसेच आहे. पहिले काही आठवडे लाळ सुटते, शब्द बोबडे येतात, हिरड्या दुखतात. खालची कवळी जिभेच्या धक्क्याने हलते, कारण तिला टेकायला जागा थोडी. पुरती सवय झाली तरी चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या पाव हिश्शाच्या आसपासच राहतो. म्हणून भाकरी आमटीत कुस्करावी, लहान घास दोन्ही बाजूंनी चावावा, वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवावी. टोचू लागली तर घरी कानस चालवू नये. ते काम दंतवैद्याचे. पुढे जबड्याचे हाड झिजत जाते आणि चांगली बसलेली कवळीही सैल होते.

गाडे अडते ते येथेच. चार खेपा म्हणजे चार खाडे. रोजंदारीचा माणूस एक खेप करतो, दुसरी टाळतो, आणि कवळी कोनाड्यात जाते. मग तो पंगतीला बसत नाही, सभेत बोलायला उठत नाही. लोक म्हणतात, म्हाताऱ्याला सवयच होत नाही!

१९९४ साली ऑस्ट्रेलियात स्लेड आणि स्पेन्सर यांनी ४९ प्रश्नांची एक पत्रिका सिद्ध केली. शब्द उच्चारताना अडते का, चारचौघांत संकोच वाटतो का, जेवण मध्येच थांबवावे लागते का, अशा गोष्टी तिच्यात विचारल्या आहेत. कवळीची परीक्षा अशीच व्हावी.

ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हा कवळी मोफत होती. १९५१ साली कवळीवर आणि चष्म्यावर शुल्क बसवायचे ठरले, तेव्हा खाणकामगारांतून वर आलेले मंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी राजीनामा दिला. मतभेदाची इतर कारणेही होती. पण कवळी हे त्यांतले एक मोठे कारण होते. आम्हांला यात हसण्यासारखे काही दिसत नाही.

आमचे मागणे लहान आहे. कवळीच्या किमतीतच पुढच्या खेपा धराव्यात, आणि त्या दिवसांची मजुरी कापू नये. आपल्या घरी कोणाची कवळी कोनाड्यात पडली असेल, तर त्याला नावे ठेवण्याआधी एवढेच विचारा: बाबा, तुम्हांला दंतवैद्याकडे किती वेळा जाता आले?