कारखानदाराला उमेदवार कशाला हवा?

'उमेदवार' म्हटले की आता आपल्या डोळ्यांपुढे निवडणुकीला उभा राहिलेला माणूस येतो. कारखान्यात मात्र या शब्दाचा अर्थ निराळा. तेथे उमेदवार म्हणजे धंदा शिकण्यासाठी राहिलेला मुलगा, आणि अलीकडे मुलगीही. या उमेदवाराविषयी आजवर जे बोलले जाते ते बहुधा त्याच्या बाजूने. त्याला कसब मिळते, पोटापाण्याची सोय होते, आणि ते खरेच आहे. आज मला बोलायचे आहे ते मालकाच्या बाजूने. तुमचा लहानसा यंत्रकामाचा कारखाना असेल, तर हे चार शब्द तुमच्यासाठीच आहेत असे समजा.

तुमची तक्रार ठाऊक आहे. ''मी शिकवायचे, माझी हत्यारे मोडून घ्यायची, माझा माल बिघडवून घ्यायचा. आणि पोरगा तयार झाला की शेजारच्याने चार पैसे जास्त देऊन त्याला न्यायचा. यात माझे काय साधले?'' प्रश्न रास्त आहे. त्याला 'राष्ट्राची सेवा' असे उत्तर देऊन चालणार नाही. हिशेबाच्या प्रश्नाला हिशेबानेच उत्तर द्यायला हवे.

कोल्हापूरकडची एखादी फाउंड्री डोळ्यांसमोर आणा. जुना मिस्त्री साच्याची वाळू मुठीत घेतो, दाबतो, तो गोळा मोडून त्याची कड पाहतो आणि म्हणतो, ''थोडी कोरडी आहे.'' ओल जास्त झाली तर ओतताना वाफ कोंडते आणि ओतीव नगात पोकळ्या राहतात. कमी झाली तर साचाच ढासळतो. ओल मोजण्याची उपकरणे आहेत, ती वापरावीतही. पण दिवसभर घमेल्यागणिक उपकरण लावत कोण बसतो? आणि खरी मेख पुढेच आहे. पोकळी पुष्कळदा वरच्या कातडीखाली दडलेली असते. नग लेथवर चढतो, त्यावर मजुरी खर्च होते, वीज जळते, आणि शेवटच्या कटाला भोक उघडे पडते. म्हणजे लोखंडाबरोबर पुढचे सगळे कामही भंगारात.

लेथवरही तीच गोष्ट. तुमच्या जुन्या लेथचा बेड चकाच्या बाजूला झिजलेला असतो, कारण रोजचे काम तेथेच चालते. त्यामुळे लांब दांड्याला किंचित उतार येतो. तो किती येतो आणि कट घेताना त्याची भरपाई कशी करायची, हे कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. ते तुमच्या मिस्त्रीच्या हाताला ठाऊक आहे. टूल बोथट होऊ लागले की आवाज बदलतो, हे त्याच्या कानाला ठाऊक आहे. मिस्त्री निवृत्त झाला की ते हात आणि ते कान त्याच्याबरोबर घरी जातात. मग तुम्ही जाहिरात देऊन अनुभवी टर्नर आणता. माणूस चांगला असतो, पण तो दुसऱ्याच्या लेथवर तयार झालेला असतो. तुमच्या यंत्राचे नखरे त्याला कळेपर्यंत किती नग नापास होतात, ते तुमच्याच वहीत पाहा. जो मुलगा वर्षभर मिस्त्रीच्या शेजारी उभा राहिला, त्याने हे सगळे न सांगता उचललेले असते.

आणि मिस्त्रीही बदलतो बरे का! वीस वर्षे मुकाट्याने केलेल्या कामाबद्दल एखादे पोर विचारते, ''काका, हे असंच का?'' मग त्याला उत्तर शोधावे लागते. कधी उत्तर मिळते, कधी असेही लक्षात येते की ती रीत मोडीत निघालेल्या यंत्रासाठी होती आणि सवयीने चालू राहिली. शिवाय आजचा मुलगा सीएनसीच्या पडद्याला बिचकत नाही. मिस्त्री त्याला धातू शिकवतो, तो मिस्त्रीला पडदा.

आता खर्चाकडे वळू. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा. २०१९ मध्ये बदललेल्या नियमांनी तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला उमेदवार घेणे सक्तीचे केले, आणि संख्या अडीच ते पंधरा टक्क्यांत ठेवली. म्हणजे चाळीस माणसे असतील तर निदान एक, फार तर सहा. विद्यावेतन मालकाने द्यायचे; २०१६ साली आलेल्या प्रोत्साहन योजनेत त्यातला पाव भाग, महिना दीड हजार रुपयांपर्यंत, केंद्राने उचलायचे ठरले. उमेदवार हा कायद्याने कामगार नव्हे, शिकणारा आहे. मुदत संपल्यावर कोणाला नोकरीत घ्यायचे याचे धोरण मालकाने स्वतः आखावे, असे २०१४ च्या दुरुस्तीने म्हटले आहे. पंधरा मिनिटांच्या मुलाखतीत माणूस पारखण्यापेक्षा वर्षभर त्याचा हात, वेळेवर येणे, चूक झाली तर लपवतो की सांगतो, हे पाहून निवडणे किती बरे! नोकरभरतीची अशी परीक्षा इतक्या स्वस्तात दुसरीकडे मिळत नाही.

राहिला शेजारी. तो काही मुले नेणार, हे धरूनच चाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना उभारला, तेव्हा तयार कारागीर तेथे वाट पाहत बसले नव्हते. आसपासच्या खेड्यांतल्या माणसांना शिकवूनच काम काढावे लागले. जमशेदपूरला टाटांनी १९२१ सालीच तांत्रिक शिक्षणाची संस्था काढली. तिथून शिकून बाहेर गेलेलेही असतीलच, पण म्हणून शाळा बंद पडली नाही. परदेशातला अनुभव तर बोलका आहे. स्वित्झर्लंडमध्ये बहुसंख्य कारखान्यांचा खर्च उमेदवारीच्या काळातच उमेदवाराच्या कामातून भरून निघतो. जर्मनीत पुष्कळांना तो तेवढ्यात भरून निघत नाही, तरी ते उमेदवार घेतात, कारण थांबलेल्या मुलामागे नवा माणूस शोधण्याचा आणि त्याला रुळवण्याचा खर्च वाचतो. आपल्याकडे आणखी एक गंमत घडते. गेलेला मुलगा पुढेमागे स्वतःचा एक लेथ टाकतो आणि तुमच्याच दारी जॉबवर्क मागायला येतो. त्याला तुमचे ड्रॉइंग समजावून सांगावे लागत नाही.

हे सारे फायदे एका अटीवर आहेत: उमेदवाराला शिकवले पाहिजे. वर्षभर झाडू आणि ट्रॉली, नाहीतर एकाच प्रेसवर एकच पत्रा, असे त्याला राबवले तर तुम्हाला मिळतो तो फक्त एक स्वस्त आणि नवखा मजूर. प्रेसला तर नवखे हात घातकच. बोटे जातात ती तेथेच. आणि उमेदवाराला कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची, हे त्याच कायद्यात लिहिले आहे. अशा मुलाला मग शेजाऱ्यानेही नेऊ नये, इतका तो कोरा राहतो. अन् तुम्ही भरलेले विद्यावेतन पाण्यात.

तेव्हा सुरुवात मिस्त्रीपासून करा, मुलापासून नव्हे. तुमचा मिस्त्री नगावर पैसे घेत असेल, तर तो शिकवील कशाला? मुलाला मायक्रोमीटर धरायला शिकवण्यात गेलेला अर्धा तास म्हणजे त्याचे तेवढे नग कमी, घरी नेण्याचे पैसे कमी. तो तोंडावर 'हो' म्हणेल आणि मुलाला कोपऱ्यात कानस देऊन बसवील. त्याला दोष देता येणार नाही. शिकवण्याच्या तासांचा वेगळा मोबदला त्याच्याशी बसून ठरवा, कोणत्या महिन्यात मुलगा कोणत्या यंत्रावर ते कागदावर मांडा, आणि मगच मुलाला बोलावणे धाडा.