बाहेरचं जेवण आणि आपली भाकरी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"दहा-बारा मिनिटं बोला, पण जेवण लांबवू नका," अशी तंबी सचिवांनी मला दिलेली आहे. म्हणून मी विषयच जेवणाचा घेतला. पोटात कावळे ओरडायला लागले तर त्याचा दोष विषयाला द्यावा, मला नको.

आपल्या शहरात वेरूळ-अजिंठ्याच्या निमित्ताने जगभरातून माणसं येतात. आपल्याकडेही पाहुणे येतात. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "तुमच्याकडचं खास काय खायचं?" आपण लगेच दोन नावं सांगतो. मांसाहारी असेल तर नान-खलिया, नसेल तर गुलमंडीची इमरती. मोसम असेल तर दौलताबादचं सीताफळ. आणि मग? मग आपण पाहुण्याला घेऊन एखाद्या बऱ्या हॉटेलात जातो आणि पनीर मागवतो. जे पनीर त्याला नाशकात, नागपुरात आणि दिल्लीतही मिळालं असतं.

नान-खलियाची गोष्ट आपण सगळे अभिमानाने सांगतो. महंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, त्याच्या लष्करासाठी हे जेवण तयार झालं, असं सांगतात. लष्कराचं काय ते इतिहासवाले ठरवोत, पण पदार्थाची घडण पाहिली की गोष्ट पटते. हे दोन माणसांसाठी करायचं जेवण नव्हेच. मोठ्या देगमध्ये खलिया शिजतो, भट्टीत एका दमात ढिगाने नान निघतात. त्यांच्यावरचा तो पिवळसर रंग हळद-गुळाच्या पाण्याचा. शंभर माणसं एका वेळी जेवतील अशीच त्याची रचना. म्हणून तो लग्नात टिकला आणि दुकानातही टिकला. मी स्वतः शाकाहारी. पण बँकेतल्या मुस्लिम सहकाऱ्यांच्या घरच्या लग्नांना मी आवर्जून जात असे, माझ्यासाठी ते वेगळं ताट ठेवत, आणि मी त्या नानचा तुकडा वरणाशी खाल्लेला आहे. झकास लागतो. आमच्या घरात हे कुणाला मान्य नाही, ते सोडा.

आता दुसरी बाजू बघा. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेवग्याच्या शेंगा, धपाटे, ठेचा. हे आपलं, मराठवाड्याचं रोजचं जेवण. हे बाहेर का मिळत नाही? मी बँकेत होतो, कर्जाचे अर्ज बघत होतो, त्यामुळे मला याचं उत्तर हिशेबातच दिसतं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ मळून ठेवता येत नाही. गरम पाण्यात मळा, लगेच थापा, लगेच तव्यावर टाका. एका वेळी एकच. निवली की कडक. म्हणजे हॉटेलवाल्याला एक माणूस, खरं म्हणजे एक बाई, पूर्णवेळ चुलीपाशी उभी करावी लागते. तंदूरवाला तेवढ्या वेळात दहा रोट्या काढतो. घरात या श्रमाची किंमत कुणी लावलीच नाही, म्हणून भाकरी स्वस्त वाटत आली. ज्या दिवशी किंमत लावायची वेळ आली त्या दिवशी ती मेनूकार्डावरून गायब झाली. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, तेव्हा काही ठिकाणी ती परत आली खरी. पण छोट्या टोपलीत, मोठ्या किमतीला आणि गार!

आमच्या पिढीचं बाहेरचं जेवण म्हणजे हॉटेल नव्हतं, खानावळ होती. मी 1974 साली बँकेत लागलो. पहिली नेमणूक जालन्याला. महिन्याचं कार्ड, दोन वेळचं ताट, रविवारी दुपारी फीस्ट आणि रविवारी रात्री सुट्टी. त्या रात्री केळी खाऊन झोपायचं. आपल्या शहरात तर खानावळींवर शिक्षण उभं राहिलं असं म्हणायला हरकत नाही. बाबासाहेबांनी 1950 साली इथे, आपल्या छावणीच्या शेजारी, महाविद्यालय सुरू केलं. 1958 साली विद्यापीठ झालं. खेड्यापाड्यांतून पोरं आली ती पहिल्यांदा घराबाहेर जेवली ती इथे. पुढे 1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि नगर रोडने डबेच डबे जायला लागले. हे सगळं कोण रांधत होतं? बहुतेक ठिकाणी एखादी बाईच. नवरा गेलेला किंवा असून नसल्यासारखा, हातात दुसरं शिक्षण नाही, पण हाताला चव आहे.

इथे मला मुंबईचं एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले कामगार अशाच बायकांकडे जेवत. मालवणी जेवण मुंबईत हॉटेलात नंतर आलं. आधी ते चाळीतल्या खोलीत, भिंतीला पाठ टेकून बसलेल्या कामगाराच्या ताटात होतं. या बायकांना वाणी उधार देई आणि सावकार व्याजाने देई. प्रेमा पुरव यांनी 1975 साली त्यांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना बांधली आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण काय? एकमेकींची हमी! आम्हा बँकवाल्यांच्या पुस्तकात अशा गोष्टीला जागा नव्हती. दुर्बल घटकांसाठी 4 टक्के व्याजाची योजना 1972 पासून होती, पण ती राबवताना "जामीनदार कोण" हा प्रश्न आमच्या तोंडी आधी येई. आणि या बायकांनी कर्ज फेडलं. पुढे 1982 चा गिरणी संप झाला, जेवणारेच गावी परतले, तेव्हा खानावळवाल्या बायकांनी काय सोसलं असेल याची कल्पना करा.

पण कोकणाने एक केलं. स्वतःचं घरचं जेवण पाहुण्यासमोर ठेवायला ते लाजले नाहीत. तारकर्ली-मालवणला आज पर्यटक घरातच राहतो, घरातलंच जेवतो, आणि त्यासाठी निवास-न्याहारी योजना आहे. आपल्याकडे असं फक्त हुरड्याचं झालं. डिसेंबर-जानेवारीत शेतात आगटी पेटवायची, गुळभेंडीची कणसं भाजायची, हातावर चोळून गरम दाणे, सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. हे पूर्वी पाहुण्याला फुकट असे, आता तिकीट आहे. मला तिकिटाचं वाईट वाटत नाही. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात आणि मुंबई-पुण्याची मुलं ज्वारीचं कणीस बघतात. वाईट एवढंच वाटतं, की आपण तिथेही पनीर शोधतो.

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे जर्मनीला गेलो होतो, तेव्हा जावयांनी आम्हाला क्रोएशियाच्या समुद्रकिनारी नेलं, स्प्लिट नावाच्या गावाला. तिथे 'कोनोबा' नावाची लहान लहान भोजनालयं आहेत. कोनोबा म्हणजे मुळात घराचं तळघर, जिथे तेल आणि वाइन साठवत. तिथेच चार टेबलं टाकून घरचं जेवण वाढायला लागले. त्यांचा एक पदार्थ आहे, 'पेका'. मांस किंवा मासे आणि बटाटे तव्यासारख्या भांड्यात ठेवायचे, वर घंटेच्या आकाराचं लोखंडी झाकण, आणि झाकणावर निखारे. आपल्या आजीने झाकणावर निखारे ठेवून केलेले पदार्थ ज्यांना आठवतात त्यांना हे नवीन नाही. गंमत अशी, की पेका गेल्या गेल्या मिळत नाही. सकाळी फोन करून सांगावं लागतं. मालक स्वच्छ सांगतो, आत्ता नाही, उद्या या. आणि लोक येतात! आम्ही दोघांनी 'ब्लित्वा' खाल्ली, म्हणजे पालकासारखी पालेभाजी, बटाटा, लसूण आणि ऑलिव्ह तेल. सौ. म्हणाल्या, "फोडणी राहिली." भूमध्य समुद्राकाठच्या आहारपद्धतीला युनेस्कोच्या यादीत जागा आहे, 2013 मध्ये त्यात क्रोएशियाचंही नाव आलं. आपल्या आमटीचं नाव यादीत यावं असं माझं म्हणणं नाही. आधी ते आपल्या रस्त्यावरच्या एखाद्या पाटीवर तरी यावं.

आता मूळ मुद्द्याला येतो, नाहीतर सचिव घड्याळ दाखवतील.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा संध्याकाळी जिन्यात सात घरच्या सात फोडण्यांचा वास येई. आज बऱ्याच घरांत आपण दोघंच उरलो. काही घरांत एकटंच कुणी. मुलं पुण्यात, हैदराबादला, परदेशात. सौ.च्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन महिने आमच्याकडे डबा होता. त्या डब्यात रोज मैदा, रोज तेलाचा तवंग, रोज तीच लाल भाजी. मधुमेह असलेल्या माणसाने ते किती दिवस खावं? डॉक्टर म्हणतात ज्वारी खा. मग ज्वारी थापणार कोण? सुनांवर आणि बायकोवर हे टाकण्याचे दिवस गेले, आणि ते गेले याचा मला आनंद आहे.

आपल्या सभागृहामागे स्वयंपाकाची खोली आहे. वर्षातून चार कार्यक्रमांना उघडते, बाकी तिथे खुर्च्या ठेवतो. आपल्या घरांत कामाला येणाऱ्या ताईंपैकी तिघी-चौघी एका बचत गटात आहेत. मी त्यांच्याशी बोललो आहे. त्या म्हणाल्या, "काका, रोज पन्नास भाकरी आम्ही बोलता बोलता करू, पण जागा आणि गॅस नाही." खोली त्यांना सकाळी दहा ते एक द्यावी. भाडं नाममात्र, वीज त्यांची. एफएसएसएआयची नोंदणी त्यांच्या नावाने करावी, अर्ज मी भरून देतो. आयुष्यभर अर्जच भरले आहेत. भाकरी, एक आमटी, एक भाजी. गुरुवारी छावणीच्या बाजारातून ताजी भाजी आणता येईल.

आक्षेप मला माहीत आहेत. उपविधीत बसतं का, कचरा कोण उचलणार, बाहेरची माणसं आवारात येतील. आणि एक आक्षेप कुणी मोठ्याने बोलत नाही, तो मी बोलतो. या ताया कोणत्या समाजाच्या, हे मला दोघांनी कानात विचारलं. मी उत्तर दिलं नाही आणि इथेही देणार नाही. ज्यांच्या हातची भांडी घासलेली चालतात, त्यांच्या हातची भाकरीही चालायला हवी. डबा घ्यायची कुणावर सक्ती नाही. ज्याला नको त्याने घेऊ नये.

पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, अशी लेखी विनंती मी आजच अध्यक्षांकडे दिली आहे. दाराशी एक वही ठेवली आहे. ज्यांना डबा हवा त्यांनी फ्लॅट नंबर, किती भाकरी आणि तिखट किती, एवढं लिहावं. पहिलं नाव आमचं आहे, चार भाकरी, तिखट मध्यम. आजच्या जेवणात पनीर आहे असं कळतं. केटररला ते आधीच सांगून झालं होतं. पण पंगतीच्या शेवटच्या टेबलावर त्याच ताया गरम भाकरी थापत बसल्या आहेत, सोबत येसराची आमटी आहे. तिकडे रांग लागण्याआधी मला जायचं आहे.