आदिवासी कुटुंबाची कैफियत



ज्या कामात अशिलापाशी देण्यासारखे काही नसते, त्याची बोली दप्तराला कळत नाही आणि दाव्याचा विषय जमीनजुमला नसून पोटचे मूल असते, त्या कामाविषयीच आज बोलावे, असे मी ठरवले आहे.

काही वर्षांपूर्वी एका बाल कल्याण समितीच्या कचेरीत मी दुसऱ्याच कामासाठी गेले होते. ओसरीवर एक कातकरी बाई बसली होती. वीटभट्टीची लाल माती तिच्या पावलांना अजून चिकटलेली होती आणि लेकीच्या लसीकरणाचा चुरगळलेला कागद तिने पदराच्या गाठीत बांधून आणला होता. दिवाळीनंतर मालकाची उचल घेऊन नवराबायको भट्टीवर गेली, सहा वर्षांची लेक वाडीवर आजीजवळ राहिली. आजी मोळी विकायला बाजाराला निघाली, पोर तिच्या मागोमाग गेली आणि चुकली, आणि कोणा सज्जनाने तिला एसटी स्थानकावरून आणून समितीच्या हवाली केले. अहवालात शेरा पडला होता की मातापिता परागंदा असून मूल दुर्लक्षित आहे. ‘मुलीला टाकून का गेलीस?’ या प्रश्नाला बाईने ‘टाकली कुठं? आजीपाशी होती की,’ एवढेच उत्तर दिले. ते कागदावर उतरले नाही, कारण लिहिणाऱ्याच्या लेखी कुटुंब म्हणजे आई आणि बाप.

हीच चूक एका मोठ्या राष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या केली आणि अखेरीस कायदा करून ती मान्य केली, म्हणून अमेरिकेतील मूलनिवासी जमातींचा इतिहास मला आपल्यापुढे ठेवावासा वाटतो. १८७९ साली पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे निघालेल्या निवासी शाळेत मुलांचे केस कापले जात आणि मातृभाषा बोलण्यास त्यांना मनाई असे. पुढे १९५८ ते १९६७ या काळात सरकारच्याच योजनेखाली ३९५ मूलनिवासी मुले बहुतांशी गोऱ्या कुटुंबांत दत्तक देण्यात आली. शाळेने जे शिक्षणाच्या नावाने केले, तेच नंतर कल्याणाच्या नावाने होऊ लागले. १९६८ च्या सुमारास नॉर्थ डकोटातील डेव्हिल्स लेक सू जमातीने आपली मुले काढून नेली जात असल्याची फिर्याद मांडली, आणि कायद्याच्या क्षेत्रात नुकतेच पाऊल टाकलेले बर्ट्रम हर्श तेथे गेले. एकेका कुटुंबाची बाजू घेता घेता ‘असोसिएशन ऑन अमेरिकन इंडियन अफेअर्स’ या संस्थेकडून प्रत्येक राज्याची आकडेवारी गोळा झाली. १९६९ आणि १९७४ च्या तिच्या पाहण्यांतून दिसले की मूलनिवासी मुलांपैकी २५ ते ३५ टक्के मुले घरापासून तोडली गेली होती. प्रतिनिधिगृहाच्या समितीने आपल्या अहवालात लिहिले की, ज्या समाजात आजी, मावशी, काका हे सारेच मुलाचे जबाबदार पालक मानले जातात, तेथे मूल त्यांच्यापाशी ठेवणे हाच पालकांचा अपराध ठरवला जात होता. हा अहवाल वाचताना ती ओसरीवरची बाई माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

१९७८ च्या ‘इंडियन चाइल्ड वेल्फेअर अ‍ॅक्ट’ने प्रतिनिधित्वाला काय अर्थ दिला, हे आपण वकिलांनी बारकाईने पाहण्याजोगे आहे. मूल घरातून काढण्याची कारवाई सुरू झाली की आईबापांना आणि त्यांच्या जमातीलाही नोंदणीकृत टपालाने नोटीस जाते. ती पोहोचल्यापासून दहा दिवसांच्या आत सुनावणी होत नाही, आणि मागितल्यास तयारीसाठी आणखी वीस दिवस मिळतात. निर्धन पालकाला न्यायालयाने वकील द्यावा लागतो. जमात स्वतः पक्षकार म्हणून दाखल होऊ शकते. कुटुंब एकत्र राहावे यासाठी सक्रिय प्रयत्न केले आणि ते विफल झाले, हे सरकारला सिद्ध करावे लागते, आणि पालकत्व कायमचे संपुष्टात आणावयाचे तर फौजदारी खटल्याप्रमाणे वाजवी शंकेपलीकडचा पुरावा, तोही तज्ज्ञ साक्षीदाराच्या जबानीसह, आणावा लागतो. मूल कोठे ठेवावे याचा क्रमही ठरलेला आहे: प्रथम आप्त, मग जमातीतील घर, मग अन्य मूलनिवासी कुटुंब. या कायद्याला आव्हाने झाली; परंतु २०२३ च्या जून महिन्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने तो कायम राखला.

कुटुंबाचा कैवार घेताना मुलाच्या अंगावरचे वळ मी झाकावेत, असे मला म्हणायचे नाही. अमेरिकेच्या कायद्यातही तातडीच्या धोक्यातून मूल काढण्याची तरतूद आहे, आणि असलीच पाहिजे. पण उपरोक्त अहवालातच नमूद आहे की नॉर्थ डकोटातील एका राखीव प्रदेशात शारीरिक छळाचे कारण फक्त एक टक्का प्रकरणांत पुढे आले होते. उरलेली नव्याण्णव टक्के दुर्लक्ष किंवा सामाजिक वंचितता अशा मोघम शब्दांवर चालली. दारिद्र्याला दुर्लक्ष म्हणणे ही लेखणीची मोठी हिंसा आहे, आणि ती रोखणे हे वकिलाचेच काम आहे.

आपल्या भूमीलाही हा इतिहास परका नाही. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची मुले आईबापांपासून काढून सुधारशाळांत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला होता, आणि त्यांना डांबून ठेवणाऱ्या सोलापूरच्या सेटलमेंटची तार स्वातंत्र्यानंतरही लगेच हटली नव्हती. आजचा २०१५ चा बाल न्याय अधिनियम निःसंशय सदय आहे: संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय, कुटुंबाकडे परत पाठवणे हे पहिले कर्तव्य, मुलाचे म्हणणे ऐकणे हा त्याचा हक्क. पण मूल ज्या जमातीचे त्या जमातीला किंवा तिच्या ग्रामसभेला खबर देण्याचे बंधन त्यात नाही. शिवाय दोन वर्षांहून मोठ्या अनाथ वा परित्यक्त मुलाला, मुदतीत पालक न सापडल्यास, चार महिन्यांत दत्तकासाठी मुक्त घोषित करता येते, आणि वीटभट्टीचा हंगाम दिवाळीपासून पावसाच्या तोंडापर्यंत चालतो. कातकरी आईबाप परतण्याआधीच मुदत संपू शकते, हे समितीला सांगणार कोण?

सांगण्याचे साधन आपल्या हाती आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि बालकाला उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. उणीव आहे ती कोरकू, माडिया किंवा कातकरी बोलणारा दुभाषी सोबत घेऊन वाडीवर जाणाऱ्या वकिलाची. तेथे गेल्यावाचून अर्ज लिहू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. मूल कोणाच्या कुशीत झोपते, आई कामावर असता चुलीवरची भाकर त्याला कोण देते, आजारात भगताकडे नेले की दवाखान्यात आणि का, हे सारे जबानीत यावे. त्या समाजातीलच एखाद्या जाणत्याची साक्ष जोडावी. मुलाशी एकांतात, त्याच्याच बोलीत, घाई न करता बोलावे आणि त्याची इच्छा आईबापांच्या इच्छेहून निराळी असेल तर तीही निराळीच मांडावी; आवश्यक तेथे त्याच्यासाठी स्वतंत्र वकील मागावा.

त्या दिवशी मी ओसरीवरच बाईचे वकीलपत्र लिहिले आणि तिने त्यावर अंगठा उठवला. पुढच्या तारखेला आजी आली, तिच्यासोबत वाडीतील दोन म्हातारे आले, आणि तिघांनीही एकच सांगितले: ही पोर आमची आहे, आई भट्टीवर असते तेव्हा हिला आम्हीच सांभाळतो. समितीने ते ऐकून घेतले, आणि लेक त्याच दिवशी आजीच्या बोटाला धरून घरी गेली.

आपापल्या जिल्ह्यातील बाल कल्याण समिती कायद्याप्रमाणे महिन्यातून किमान वीस दिवस बसते. त्यांतील एक दिवस आपल्यापैकी प्रत्येकाने तेथील ओसरीसाठी राखून ठेवावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.