केबल ठेवावी की काढावी?

केबल बंद करण्याआधी या महिन्याचं बिल नीट बघा. जोडणीचं शुल्क वेगळं, वाहिन्यांचे पैसे वेगळे, वर 18 टक्के जीएसटी. घरात कोण काय बघतं, ते आठवडाभर लिहून काढा. 2019 पासून हव्या त्या वाहिन्या सुट्या निवडता येतात. नको असलेलं पॅकेज काढलं तरी बिल उतरतं. सह्याद्री आणि बातम्यांवर भागत असेल, तर डीडी फ्री डिश आहे: छत्री आणि सेट-टॉप बॉक्सचा खर्च एकदाच, मासिक भाडं नाही. ॲपवर जायचं, तर वर्गणीसोबत इंटरनेटचाही खर्च धरा. आजी-आजोबांना नवा रिमोट झेपेल का, हेही विचारा. आणि केबल काढलीच, तर अनामत रक्कम भरली असल्यास ती आठवणीनं परत मागा.